हेल्मेटच्या खोक्यातला भोपळा

१. प्रश्न

“मी हे डोक्यात घालून बघू?”

प्रश्न माझा होता, पण हिंमत उसनी होती. गुरुवारी शाळेत मधल्या सुट्टीत रेडिओ आणि फुलस्टॉप या माझ्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती: बक्षीस मिळालं की सगळ्या मोठ्या माणसांसमोर मी हा प्रश्न विचारायचा, नाहीतर महिनाभर दोघींची दप्तरं वाहायची. रेडिओचं नाव रेडिओ का, ते तिच्याशेजारी बसलात की लगेच कळेल. फुलस्टॉप बुटकी आहे आणि एका शब्दात विषय संपवते. “विचार,” ती म्हणाली. संपला विषय.

म्हणून शनिवारी संध्याकाळी, आमच्या बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या मधोमध उभी राहून मी विचारलं.

एकदम शांतता. इतकी, की आमच्या फ्रिजची घरघर ऐकू आली. (बाबा फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. आमचा फ्रिज घरघरतो हे कृपया बाहेर कुणाला सांगू नका.) वकीलकाकांच्या कपातला चहा बशीत आला. मामाचा बन तोंडाजवळ जाऊन थांबला. डॉक्टर मावशी अचानक खिडकीतून बाहेर बघायला लागली, जसं काही रस्त्यावर प्रथमच रिक्षा आली होती.

“डोक्यात?” बाबा म्हणाला. “अगं, ते डोक्यात घालायचं नसतं!”

“हेल्मेट आहे ना ते?”

“ते बक्षीस आहे!”

आता थोडं थांबून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही पोरगी सुसाट सुटली.

आमची एक फँटसी हॉकी लीग आहे. खरी स्पर्धा टीव्हीवर चालते, खेळाडूही खरे. आपण त्यांच्यातून आपापला मनातला संघ निवडायचा आणि ते खेळाडू मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. बाबा, मामा आणि वकीलकाका कॉलेजात एका संघात खेळायचे. डॉक्टर मावशी दातांची डॉक्टर. या तिघांचे दात सांभाळता सांभाळता मैत्रीण झाली आणि लीगमध्ये आली. आई दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. तिला हॉकीत काडीचा रस नाही, म्हणूनच गुणांची बेरीज तिच्याकडे. बाबाच्या संघाचं नाव ‘गारठा’. मामाची बेकरी आहे, त्याचा संघ ‘भट्टी’. मावशीचा ‘अक्कलदाढ’. वकीलकाकांचा ‘पुढची तारीख’. मी या वर्षी हट्टाने घुसले तेव्हा सगळे म्हणाले, काय आगाऊ कार्टी आहे! म्हणून माझा संघ ‘आगाऊ’.

दर महिन्याच्या शेवटी बक्षीस समारंभ. शेवटून पहिला येईल त्याने स्वतःच्या खर्चाने भोपळा आणायचा आणि महिनाभर आपल्या दुकानात किंवा ऑफिसात सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. आणि खरोखर पहिला येईल तो महिन्याचा मानकरी. त्याला महिनाभर हेल्मेट.

हे हेल्मेट बाबाचं, तो गोलकीपर होता तेव्हाचं. मानकऱ्याने ते परत देताना त्यावर आपल्या धंद्यातली एक वस्तू चढवायची अशी रीत आहे. बाबाने तांब्याच्या नळीचा तुरा लावलाय. मामाने बिस्किटं कापायचा चांदणीचा साचा. वकीलकाकांनी लाल लाखेचं सील. मागच्या महिन्याची मानकरी मावशी होती. तिने फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, “या वेळची माझी भर तुम्हाला शोधूनही सापडायची नाही.”

आणि या महिन्याची मानकरी कोण? मी! सगळ्यांनी गोल मारणारे खेळाडू घेतले. मी सगळ्यात रडक्या संघाचा गोलकीपर घेतला. रडक्या संघावर हल्ले जास्त, म्हणजे अडवायला बॉल जास्त, म्हणजे गुण जास्त. मामा अजून म्हणतो की हा खेळाडूपणा नाही. मी म्हणते, डोकं आहे.

“बरं, आधी खोकं तर उघडू,” बाबा म्हणाला. त्याने पुठ्ठ्याचं खोकं माझ्यापुढे ठेवलं. मी टेप ओढली, झाकण उचललं.

आत हेल्मेट नव्हतं.

आत एक गलेलठ्ठ, पिवळाधमक भोपळा होता.

२. दोन भोपळे

सगळ्यात आधी हसू फुटलं. मग सगळ्यांच्या माना एकदम मामाकडे वळल्या. कारण या महिन्यात शेवटचा मामा होता. भोपळा त्यानेच आणायचा होता.

“मेव्हणेबुवा,” बाबा म्हणाला, “चेष्टा झकास. आता हेल्मेट काढा.”

“देवाशपथ, मी नाही!”

“आणि हे काय?” वकीलकाकांनी भोपळ्यावरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. भोपळ्याच्या खाचांमध्ये, देठाभोवती, सगळीकडे पांढरी भुकटी. “मैदा! पुरावा तर आरोपीने स्वतःच सोबत जोडलाय.”

“अरे, माझ्या अंगावर मैदा असतो म्हणून जगातला सगळा मैदा माझा का?” मामा रडकुंडीला आला होता. मामा एरवी सगळ्यांची फिरकी घेतो, त्यामुळे त्याचं खरं कुणालाच खरं वाटत नव्हतं.

सगळे हसत होते. मी नव्हते. का, ते फक्त रेडिओला आणि फुलस्टॉपला माहीत होतं. सोमवारी शाळेच्या हॉकी संघाची निवड होती. खेळाच्या बाई म्हणाल्या होत्या, “गोलकीपरला पॅड शाळेचे मिळतील. हेल्मेट मात्र ज्याने त्याने आपलं आणायचं. नसेल तर मी गोलमध्ये उभं करणार नाही, उगाच रडायचं नाही.” माझ्याकडे हेल्मेट कुठलं? पण महिन्याचा मानकरी झाले तर महिनाभर बाबाचं हेल्मेट माझं! मी काय उगाच त्या रडक्या संघाच्या मॅच डोळ्यांत तेल घालून बघत होते?

घरी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आईला गोलकीपर हा शब्द ऐकला तरी कपाळशूळ उठतो. विषय काढला की म्हणते, “अभ्यास संपला का?” तर माझा बेत असा: आधी संघात शिरायचं, मग घरी सांगायचं.

आणि आता माझ्या हातात भोपळा. अक्षरशः.

“मामा,” मी म्हणाले, “तू आणलेला भोपळा कुठे ठेवला होतास?”

मामाने मान खाली घातली. “वर आणलाच नव्हता.”

“म्हणजे?”

“म्हटलं, कुणाच्या लक्षात नाही आलं तर सुटलो. गेल्या वेळी महिनाभर गिऱ्हाइकं विचारत होती, भोपळ्याचा केक आहे का म्हणून!” तो उठला, धडधडत खाली गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या तळहातावर पेरूपेक्षा जरा मोठा एक भोपळा होता. “हा माझा. स्कूटरच्या डिकीत होता.”

“हा भोपळा आहे?” आई म्हणाली. “दादा, लाज वाटू दे जरा.”

म्हणजे खोक्यातला भोपळा मामाचा नव्हता. मग तो आमच्या घरात आला कुठून?

३. दार एकच

“कुणी जाऊ नका,” मी म्हणाले. “मी तपास करणार.”

“आगाऊ,” वकीलकाका म्हणाले, पण खाली बसले. त्यांना आरोपी म्हणून बसायची सवय नव्हती, त्यामुळे अंमळ अवघडून बसले.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, दार एकच. आईला आज सुट्टी होती. जेवण झाल्यापासून ती बाहेरच्या खोलीत सोफ्यावर पाय पसरून पुस्तक वाचत होती आणि हवा यावी म्हणून दार सताड उघडं. मी रेडिओकडे गेले होते, त्यामुळे माझी साक्षीदार आई.

“सांग आई. कोण कोण आलं?”

“आधी तुझी मावशी खोकं घेऊन आली. दवाखान्यात पेशंट होते म्हणून उभ्या उभ्या गेली. खोकं बाबांनी स्वयंपाकघरात, फ्रिजवर ठेवलं.”

“नेहमीच्या जागी,” बाबा म्हणाला. तो सगळंच फ्रिजवर ठेवतो.

“उघडून पाहिलंस?”

“कशाला? जड लागलं, टेप लावलेली होती. झालं.”

“मग?”

“मग दादा बन घेऊन आला. ट्रे स्वयंपाकघरात ठेवला, मागचा रिकामा घेऊन गेला.”

“उघडे ट्रे?”

“उघडेच असतात की ते. वास सगळ्या जिन्यात.”

“मग?”

“मग वकीलसाहेब. शिडी हवी होती. त्यांच्या ऑफिसचं काम चाललंय ना, भिंती, छत, सगळं. आत गेले, शिडी खांद्यावर टाकून आले, जाताना दिव्याला धडकले.”

“आणखी काही होतं हातात?”

“येताना हात हलवत आले. जाताना एका खांद्यावर शिडी आणि दुसरा हात दिव्यावर.”

“शेवटी तुझे बाबा,” आई पुढे म्हणाली. “आइस्क्रीमवाल्याचा फ्रीझर बंद पडला म्हणून हत्यारांची पिशवी घेऊन गेले, तासाभराने आले.”

बाबाची हत्यारांची पिशवी मी बघितलीय. त्यात एक लहान मूल बसेल. भोपळा सहज बसेल. हेल्मेटसुद्धा.

“असं काय बघतेस माझ्याकडे?” बाबा म्हणाला. “मी माझंच हेल्मेट चोरू?”

“मी काहीच म्हटलं नाही, बाबा.”

“तुझे डोळे म्हणतायत!”

मावशी अजून खिडकीशीच होती. मी विचारलं, “मावशी, तू हेल्मेट कधी पॅक केलंस?”

“खोकं सकाळी भरलं. दवाखान्यात.” इतकंच. एरवी मावशी गप्पिष्ट. एकाच बाबतीत तिचं तोंड शिवलेलं असतं, ते म्हणजे पेशंट. वकीलकाकांचे दात खरे की बसवलेले, हे कळावं म्हणून मामा वर्षानुवर्षं तिला फुकट पेस्ट्री खाऊ घालतोय. ती पेस्ट्री खाते, तोंड पुसते आणि म्हणते, “मी पेशंटबद्दल बोलत नाही.”

मी भोपळा टेबलावर ठेवला आणि ओल्या रुमालाने त्याची भुकटी पुसायला घेतली. विचार करताना हाताला काम लागतं मला. चार जण. चारही माझे लाडके. मला हेल्मेट मिळू नये, असं यांतल्या कुणाला वाटलं असेल?

आणि वकीलकाका पुन्हा चहा सांडत होते.

४. कडक रुमाल

मी वकीलकाकांना गॅलरीत नेलं.

“काका, मागच्या महिन्यात तुम्ही समारंभाला आलाच नव्हता. हेल्मेट परस्पर मावशीच्या दवाखान्यात पोचवलंत. का?”

“कामात होतो.”

“त्या दिवशी रविवार होता.”

“रविवारी मी जास्त कामात असतो.” त्यांनी कॉलर सैल केली. “हे बघ बाळा, कायद्याने मी तुझ्या प्रश्नांना बांधील नाही.”

“कायद्याने नाही. पण तुम्ही ‘बाळा’ कधीच म्हणत नाही मला. आगाऊ म्हणता.”

काका खाली बघायला लागले. त्यांच्या बुटांवर, पँटच्या घोट्याशी, पांढरे डाग होते. छताला प्लास्टर चाललं होतं ना ऑफिसात.

प्लास्टर! मी धावत टेबलाशी गेले.

रुमाल तिथेच होता, भोपळ्याशेजारी. मी उचलला. तो उचलल्यावर लोंबला नाही. पुठ्ठ्यासारखा ताठ राहिला, मी चुरगाळून ठेवला होता त्याच आकारात.

आता मी सुट्टीत मामाच्या बेकरीत मदतीला असते, त्यामुळे मैदा मला कळतो. मैद्याला पाणी लागलं की तो चिकट होतो, बोटांची पाठ सोडत नाही. वाळला तर त्याचे पापुद्रे निघतात. तो असा दगड होत नाही, आणि इतक्या झटकन तर नाहीच.

“मामा!” मी ओरडले. “तू सुटलास! हा मैदा नाही, प्लास्टर आहे!”

मामाने येऊन माझ्या डोक्याची पापीच घेतली. मग वळून म्हणाला, “आता बोला वकीलसाहेब. प्लास्टर कुणाच्या ऑफिसात चाललंय?”

सगळ्यांच्या माना वकीलकाकांकडे.

काकांचा चेहरा पांढराफटक, जणू त्यालाही प्लास्टर मारलंय. “मी... भोपळा... शपथेवर सांगतो...”

“दोषी!” मामा आनंदाने ओरडला. तो इतकी वर्षं याच क्षणाची वाट बघत होता.

पण माझ्या डोक्यात आईचं वाक्य अडकलं होतं. येताना हात हलवत आले. एवढा मोठा भोपळा काकांनी आणला कसा? खिशातून?

५. दोन चाळण्या

मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशाला सगळं समजावून सांगितलं. आरसा मध्ये बोलत नाही, हा त्याचा मोठा गुण.

समज, दोन चाळण्या आहेत. पहिली चाळणी: भोपळा आमच्या घरात आईच्या डोळ्यांदेखत कुणीच आणला नाही. म्हणजे तो झाकलेल्या कशाततरी आला. मामाचे ट्रे उघडे. काकांचे हात रिकामे. झाकलेल्या वस्तू दोनच: बाबाची पिशवी आणि मावशीचं खोकं.

दुसरी चाळणी: भोपळ्यावर प्लास्टर. बाबाच्या पिशवीतून आला असता तर त्याला ग्रीस लागलं असतं, काळं. प्लास्टर असतं कुठे? काकांच्या ऑफिसात. आणि... रेडिओच्या दातांना तारा बसवायच्या आधी तिच्या जबड्याचा साचा घेतला होता. पांढरा, कडक. तिने तो आम्हाला वर्गात आणून दाखवला होता आणि तोच तिच्याऐवजी बोलतोय असं नाटकही केलं होतं. तो साचा कशाचा? प्लास्टरचा. बनवला कुणी?

दोन्ही चाळण्यांतून खाली पडतं एकच नाव.

खोक्यात हेल्मेट कधी नव्हतंच. अदलाबदल आमच्या घरात झालीच नाही. खोकं आलं तेच भोपळा पोटात घेऊन, आणि ते घेऊन आली मावशी.

पण का? मावशीला माझं वाईट व्हावं असं कशाला वाटेल? तिने तर मला लीगमध्ये घ्या म्हणून बाबाशी भांडण केलं होतं. आणि तिला कसं कळलं, की मी...

तारा. रेडिओच्या तारा शुक्रवारी आवळायच्या होत्या! गुरुवारी पैज लागली, शुक्रवारी रेडिओ मावशीच्या खुर्चीत तोंड उघडून बसली. आणि रेडिओचं तोंड उघडलं, की सगळ्या बातम्या.

मी मावशीला स्वयंपाकघरात ओढलं, दार लोटलं.

“रेडिओने तुला सोमवारचं सांगितलं.”

मावशीने नेहमीचं वाक्य म्हटलं, “मी पेशंटबद्दल बोलत नाही.” मग तिच्या खांद्यांतली हवाच गेली आणि ती हसली. “कसं कळलं गं तुला?”

मी रुमाल टेबलावर आपटला. टक् असा आवाज आला.

“शाब्बास,” ती हळूच म्हणाली. “चल.”

हेल्मेट तिच्या गाडीत होतं, मागच्या सीटवर, पेशंटच्या गळ्यात बांधतात त्या निळ्या कापडात गुंडाळलेलं. तुरा, चांदणी, सील, सगळं जागच्या जागी. तिने माझं बोट धरून हेल्मेटच्या मागच्या बाजूला, कानाच्या वर, टेकवलं. “नख फिरव.”

मी फिरवलं. खडबडीत, खडबडीत, आणि मध्येच काचेसारखी गुळगुळीत एक लांबलचक रेघ. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. रंगसुद्धा तंतोतंत.

“तडा आहे,” मावशी म्हणाली. “या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी दाताच्या सिमेंटने भरला. रंग जुळवायला चार छटा मिसळल्या. माझी भर ती हीच. कपाटावर ठेवायला हेल्मेट ठणठणीत आहे. पण हे सिमेंट दाताला चालतं, राणी. बॉल बसला तर दोन तुकडे होतील, आणि आत तुझं डोकं.”

सोमवारी मी ते घालून उभी राहणार होते.

“मग सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? हेल्मेट माझ्याकडे पेशंट म्हणून आलं. ज्याने आणलं त्याने हात जोडून सांगितलं, कुणाला कळू देऊ नका. आणि तुझं सोमवारचं सांगावं, तर ते रेडिओने माझ्या खुर्चीत सांगितलेलं. दोन्हीकडून माझं तोंड बंद! म्हटलं, दोन दिवस गायब करू. भाजीवाल्याकडून भोपळा घेतला, साचे ओततो त्या टेबलावर ठेवून पॅक केला. सगळ्यांना वाटेल तुझ्या मामाची चेष्टा. तो बिचारा खरंच निर्दोष निघेल हे कुणाला ठाऊक?”

“आणि दोन दिवसांनी?”

“उद्या सकाळी मला एक चांगलं हेल्मेट मिळतंय. माझा एक पेशंट मोठ्या क्लबात गोलकीपर आहे. पुढचे दात मी बसवलेत त्याचे. नाव विचारायचं नाही.”

मी तिला मिठीच मारली. हेल्मेट मध्ये आलं आणि तांब्याचा तुरा माझ्या नाकात गेला.

“आता वर जाऊन मी सांगते की मीच गंमत केली,” मावशी म्हणाली. “तडा, सोमवार, काही निघणार नाही. तूही माझी पेशंटच आहेस.”

छान सोय होती. कुणाला काही कळलं नसतं. पण वर मामा काकांना दोषी ठरवून नाचत होता, आणि माझ्याकडे रहस्याचं असं सुंदर, चाळण्यांसकट उत्तर होतं. ते सांगायचं तर ‘का’ सांगावं लागणार. ‘का’ सांगायचं तर सोमवार सांगावा लागणार.

जिना चढेपर्यंत मी ठरवलं.

६. आतून

मी हेल्मेट टेबलावर ठेवलं. मामा नाचायचा थांबला.

“काका निर्दोष आहेत,” मी म्हणाले, आणि दोन्ही चाळण्या लावून दाखवल्या. आईने पुस्तक मिटलं. रुमाल हातोहात फिरला. बाबाने तो टेबलावर तीनदा वाजवून बघितला.

“पण डॉक्टरीणबाई,” बाबा म्हणाला, “तुम्ही हेल्मेट लपवलंत कशासाठी?”

मावशीने तोंड मिटून घेतलं. मी माझं उघडणार, एवढ्यात वकीलकाका उभे राहिले. कोर्टात उभे राहतात तसे, कोट सारखा करून.

“माझ्यामुळे. हेल्मेटला तडा गेलाय. मी पाडला.”

“तू?” बाबा म्हणाला. “कसा?”

“घालून बघितलं.”

“डोक्यात?”

“मग कुठे घालणार? ऑफिसात कुणी नव्हतं. वाटलं, बघू तरी, तुला त्या काळी आतून कसं दिसायचं.” काकांचा आवाज बारीक झाला. “मग निघेना. कान अडकले. जिन्यात जाऊन दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा सुटलं आणि थेट तळमजल्यापर्यंत उड्या मारत गेलं. तुला तोंड कसं दाखवू म्हणून डॉक्टरांकडे नेलं.”

बाबाने हेल्मेट उचललं. नख फिरवलं. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो.

“वकिला,” बाबा म्हणाला, “कसं दिसलं आतून?”

“भारी,” काका म्हणाले.

“असतंच भारी.” आणि बाबाला असं हसू फुटलं की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मामाने काकांच्या पाठीत धपाटा घातला आणि सुनावलं, “दातांचंही आत्ताच कबूल करून टाक!” मावशी ओरडली, “पेशंट!”

फक्त आई हसत नव्हती. रक्त तपासून तपासून तिला बारीक गोष्टी दिसायची सवय आहे.

“तडा होता तर होता,” ती म्हणाली. “ते कपाटावर ठेवायचं बक्षीस. त्यासाठी ते लपवायचं काय कारण?” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “कुणी घालणार होतं का ते?”

रेडिओ असती तर पटकन बोलून मोकळी झाली असती. फुलस्टॉप असती तर एक शब्द म्हणाली असती. मी दोघींना मनात बोलावलं.

“बाबा,” मी म्हणाले, “माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. घालून बघू?”

बाबाने आईकडे पाहिलं. आईने छताकडे. मग बाबाने स्वतःच्या हाताने ते माझ्या डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखाली पट्टा लावला. तुरा किणकिणला. आत जुन्या घामाचा आणि जुन्या रबराचा वास होता, आणि जाळीच्या चौकोनांतून सगळी खोली तुकड्या-तुकड्यांनी दिसत होती: एका चौकोनात मामा आणि त्याचा पेरूएवढा भोपळा, एकात ओठ घट्ट मिटलेली मावशी, एकात चहा शेवटी सरळ धरलेले काका. कान अडकले नाहीत. अगदी मापाचं होतं.

“डोकं आणि दात शाबूत राहतील, या अटीवर ऐकून घेते,” आई म्हणाली. “तुझ्या बाबांचे पुढचे दोन दात—”

“पेशंट!” मावशी पुन्हा ओरडली. बाबाने पटकन तोंडावर हात धरला. इतकी वर्षं मी त्या दातांचं कौतुक करत होते!

“तेव्हा माझ्याकडे हेल्मेट नव्हतं,” बाबा हाताआडून म्हणाला. “म्हणून तर हे घेतलं.”

“माझ्याकडे असेल,” मी म्हणाले. “चांगलं, बिनतड्याचं. मावशी उद्या आणतेय, कुणाचं ते विचारायचं नाही.” माझा आवाज हेल्मेटमध्ये घुमत होता, माझ्यापेक्षा मोठा वाटत होता, आणि मला तो फार आवडला. “आई, बाबा, मी ठरवलंय. सोमवारी शाळेच्या संघाची निवड आहे आणि मी गोलमध्ये उभी राहणार आहे.”